मुलांच्या हृदयाच्या कैवारी : डॉ. हेलन टाउसिग

मुलांच्या हृदयविकाराचे शास्त्र ज्यांनी उभे केले, त्या डॉ. हेलन टाउसिग यांचा जन्म अमेरिकेतील केंब्रिज या गावी २४ मे १८९८ रोजी झाला. अकराव्या वर्षी क्षयाने आईचे छत्र हरपले. वाचन त्यांना फार जड जाई. वडिलांनी चिकाटीने शिकविले. हार्वर्डमध्ये त्या काळी स्त्रियांना वैद्यकाची पदवी मिळत नसे. म्हणून बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकून १९२७ साली त्या डॉक्टर झाल्या.

१९३० साली तेथील मुलांच्या हृदयविकार दवाखान्याची धुरा त्यांच्याकडे आली. सांधे धरणाऱ्या तापाने हृदयाची झडप दुखावलेली मुले तेथे येत. अशा झडपेवर रक्तातील जंतू ठाण मांडतात व त्यांचा थर साचतो. त्याचा एखादा कण सुटून मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकला, की खेळत्या मुलाला अर्धांगवायू होतो. पेनिसिलिन येण्यापूर्वी या रोगातून क्वचितच कोणी वाचे. त्यातच बाईंना ऐकू येईनासे झाले. पण त्या खचल्या नाहीत. बालकाच्या छातीवर हात ठेवून हृदयाची गती जाणू लागल्या.

जन्मतः निळसर दिसणाऱ्या कित्येक मुलांच्या फुप्फुसांत पुरेसे रक्त पोचत नाही, हे त्यांनी ओळखले. रक्ताला नवी वाट काढून द्यावी, ही त्यांची कल्पना शल्यविशारद ब्लॅलॉक व त्यांचे प्रयोगशाळेतील सहकारी व्हिव्हियन थॉमस यांच्या साहाय्याने साकार झाली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी पंधरा महिन्यांच्या मुलीवर पहिली शस्त्रक्रिया झाली. ती मुलगी पुढे दगावली. पण त्या वाटेने हजारो मुले जगली.

तरीही धोका पुरता टळत नाही. अशा हृदयात जंतूंना थारा मिळू शकतो. काही रक्त फुप्फुसांत न जाता परस्पर शरीरात जात असल्याने गुठळी थेट मेंदूकडे जाऊ शकते. म्हणूनच बाईंनी आपल्या रुग्णांची वर्षानुवर्षे विचारपूस ठेवली.

१९६५ साली अमेरिकेच्या हृदयविकार संघाच्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. २० मे १९८६ रोजी मोटार अपघातात त्यांचा अंत झाला.

भगिनींनो, ज्या घरी असे मूल आहे तेथे त्याचे दात स्वच्छ राखावेत. दात काढण्यापूर्वी डॉक्टरांना हृदयाचा दोष सांगावा. ताप रेंगाळला तर मनाने औषध देऊ नये. आधी रक्त तपासावे. तोंड वाकडे झाले, हातपाय लुळा पडला किंवा बोबडी वळली, तर क्षणभरही न थांबता इस्पितळ गाठावे.