तलाठ्याने उभारलेले सरकार

मे १९४३ मध्ये झाँ मूलँ यांनी फ्रान्समधील विखुरलेल्या भूमिगत गटांना पॅरिसमध्ये एका परिषदेत एकत्र आणले. महिन्याच्या आत ते जर्मनांच्या हाती सापडले आणि जुलैत छळाने मृत्यू पावले. त्यांचे नाव जगभर झाले, ते योग्यच झाले. पण त्याच वर्षी कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली जे घडत होते, त्याची नोंद जगाच्या इतिहासात अभावानेच आढळते. वस्तुतः सातारचे काम एका दृष्टीने अधिक बिकट होते. फ्रेंच भूमिगतांना लंडनचा आधार होता. रात्री विमानांतून शस्त्रे आणि पैसा उतरत असे. साताऱ्याला असा पाठीराखा नव्हता. बंदूक हवी तर ती पोलीस ठाण्यातूनच आणावयाची, पैसा हवा तर सरकारी खजिन्यातून. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ रेल्वेची पगाराची गाडी लुटली गेली, ती याच निकडीपोटी.

नाना रामचंद्र पिसाळ यांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा. गाव वाळवे तालुक्यातील येडेमच्छिंद्र. ते तलाठी होते. ही बाब चरित्रकार एका वाक्यात उरकतात, पण खरी किल्ली तीच आहे. सातबारा कोणाच्या नावे आहे, जमीन गहाण पडून सावकाराकडे कशी जाते, बांधाचे भांडण कोर्टात किती वर्षे कुजते, हे तलाठ्याइतके कोणास ठाऊक असणार? १९३० च्या कायदेभंगात त्यांनी नोकरी सोडली. सत्यशोधक चळवळीचा संस्कार अगोदरच झालेला होता, आणि बोलणे अस्सल शेतकऱ्याचे होते.

सप्टेंबर १९४२ मध्ये वडूज आणि इस्लामपूर येथे मोर्च्यांवर गोळीबार झाला. निःशस्त्र मोर्च्यांचा मार्ग तेथे खुंटला आणि कार्यकर्ते भूमिगत झाले. भूमिगताला रोज भाकरी लागते आणि गावाचे मौन लागते. या दोन्ही गोष्टी केवळ देशभक्तीच्या भाषणावर तीन-चार वर्षे मिळत नाहीत. प्रतिसरकारने त्यांचा मोबदला दिला: लोकन्यायालये तंटे गावातच मिटवू लागली, सावकार व गुंड यांना जरब बसली, कर्जात बुडविणारी लग्ने थोडक्या खर्चात होऊ लागली. कुंडलच्या जी. डी. बापू लाडांची तुफान सेना आणि वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासारखे सहकारी नसते, तर हे एकट्याच्या आवाक्यातले नव्हते. खुद्द नानांची कन्या हौसाताई या कामात होती.

शिक्षेचा प्रश्न मात्र टाळून चालणार नाही. खबऱ्यांच्या आणि दरोडेखोरांच्या तळपायांवर फटके बसत. पायांना पत्रे ठोकतात अशी वदंता पसरली आणि ‘प्रति’चे ‘पत्री’ झाले. ज्या न्यायालयावर अपील नाही, तेथे निरपराधावर अन्याय होण्याचा धोका असतोच. नानांविषयीच्या आदराने तो नाहीसा होत नाही. तथापि ज्या सरकारी न्यायालयाची पायरी गरिबाला परवडतच नव्हती, तेथील अपिलाचा त्याला काय उपयोग होता, हेही विचारावे लागते.

१९४४ मध्ये सुटकेनंतर गांधीजींनी भूमिगतांना प्रकट होण्याचा सल्ला दिला. अनेकांनी तो मानला; नानांनी मानला नाही. डोक्यावर बक्षीस होते, घर-जमीन जप्त झाली होती. याच काळात आई वारली, तेव्हा पकडले जाण्याचा धोका पत्करून ते अंत्यविधीला आले. १९४६ पर्यंत ते पोलिसांना गवसले नाहीत. खबर देणारा कोणी नव्हताच असे नव्हे, पण गावे त्यांच्या पाठीशी होती.

स्वातंत्र्यानंतर त्यांना सत्तेची वाट सुलभ होती. कूळ आणि कर्ज यांचे प्रश्न सुटले नाहीत असे मानून ते शेतकरी कामगार पक्षात व पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. १९५७ साली उत्तर साताऱ्यातून आणि १९६७ साली बीडमधून ते लोकसभेत निवडून आले. ६ डिसेंबर १९७६ रोजी त्यांचे निधन झाले, आणि त्यांच्या इच्छेनुसार अंत्यसंस्कार वाळव्यास झाले.