शरीराचा तोल आणि डॉ. कॅनन

उन्हात घाम येतो, थंडीत हुडहुडी भरते; पण शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपासच राहते. भरपेट जेवा किंवा एकादशीचा उपवास करा, निरोगी माणसाच्या रक्तातील साखर ठरावीक मर्यादा फारशी सोडत नाही. हा तोल कसा राखला जातो, याच्या शोधात डॉ. वॉल्टर कॅनन यांनी आयुष्य घालवले.

त्यांचा जन्म १९ ऑक्टोबर १८७१ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात झाला. १८९६ मध्ये ते हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले, तेव्हा क्ष-किरणांचा शोध लागून जेमतेम वर्ष होत आले होते. प्राध्यापक हेन्री बाउडिच यांच्या सूचनेवरून या विद्यार्थ्याने क्ष-किरणांच्या साहाय्याने पचनक्रिया पाहायला सुरुवात केली. प्राण्यांना बिस्मथ मिसळलेले अन्न द्यायचे आणि पडद्यावर त्याची सावली पाहायची, अशी ही पद्धत होती. आज पोटाच्या तपासणीसाठी बेरियम पाजतात, तो याच वाटेवरचा पुढचा टप्पा.

या प्रयोगांत कॅनन यांना दिसले, की मांजर घाबरले किंवा चिडले, की त्याच्या जठराची हालचाल थांबते. तेथून ते भीती आणि रागाच्या अभ्यासाकडे वळले. संकटात अ‍ॅड्रिनल ग्रंथींचा स्राव वाढतो, हृदय वेगाने धडधडते, रक्तात साखर सोडली जाते. शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होते आणि धोका टळला, की पुन्हा पूर्वपदावर येते.

पूर्वपदावर येण्याच्या या गुणाला कॅनन यांनी १९२६ मध्ये होमिओस्टॅसिस हे नाव दिले. याचे सोपे उदाहरण म्हणजे इन्सुलिन. जेवणानंतर साखर वाढली, की स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. साखर उतरली, की इन्सुलिनही कमी होते. परिणामाची खबर कारणापर्यंत परत पोहोचते, म्हणून तोल राहतो. घरातला गीझर याच तत्त्वावर चालतो. पाणी पुरेसे तापले, की थर्मोस्टॅट वीज तोडतो. कॅनन यांचे सहकारी आर्तुरो रोझेनब्लूथ यांनी गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांच्यासोबत काम केले आणि शरीर व यंत्र यांतले हे साम्य पुढे सायबरनेटिक्स या शास्त्राच्या पायाशी आले.

मात्र खबर देणारा संवेदक नसेल, तर हे चक्र सुरूच होत नाही. चटका बसला, की हात आपोआप मागे येतो. क्ष-किरण मात्र आपल्याला जाणवतच नाहीत. सुरुवातीच्या त्या प्रयोगांत कॅनन पुरेशा संरक्षणाविना वावरले. पुढे त्यांना त्वचेचा गंभीर आजार जडला आणि त्याचा संबंध या किरणांशी जोडला गेला. १ ऑक्टोबर १९४५ रोजी त्यांचे निधन झाले.

संवेदक असला, तरी तो फसू शकतो. रक्तदाब दीर्घकाळ चढा राहिला, की रक्तवाहिन्यांतील दाब मोजणारे संवेदक त्या वाढलेल्या पातळीलाच नेहमीची मानू लागतात. मग शरीर तक्रार करत नाही, आणि काही त्रास नाही म्हणून रुग्ण गोळ्या बंद करतो. हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडाची हानी मात्र चालूच राहते. शरीराकडून येणारी खबर अशी चुकते, तेव्हा ती रक्तदाबाच्या यंत्राकडून घ्यावी लागते. म्हणून बरे वाटत असले, तरी रक्तदाब नियमित मोजा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका.