फिलिप हेन्री गॉस, समुद्रजीवांचे चित्रकार

देवाच्या लहानशा कृतीकडेही जो लक्षपूर्वक पाहतो, त्याचा डोळा व हात पुष्कळांच्या उपयोगीं पडतो. ह्याचें उदाहरण म्हणून आज आम्ही इंग्लंडांतील फिलिप हेन्री गॉस ह्यांचें चरित्र वाचकांपुढें ठेवितों.

गॉस ह्यांचा जन्म १८१० सालीं झाला. त्यांचे वडील गांवोगांव फिरून लहान तसबिरी काढीत व त्यांवर कुटुंबाचा निर्वाह कसाबसा चाले. बारीक कुंचल्यानें रंग भरण्याची ही कला मुलानेंही उचलिली. १८२७ सालीं ते न्यूफाउंडलंड बेटांत एका व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून म्हणून गेले. तेथें १८३२ सालीं त्यांनीं आपलें जीवित प्रभूला वाहिलें, आणि त्याच वर्षीं ते किड्यांचा अभ्यास करूं लागले. पुढें त्यांनीं कॅनडांत शेती केली, ती लाभली नाहीं. १८३८ सालीं अमेरिकेच्या अलाबामा प्रांतांत ते शिक्षक झाले. तेथेंही त्यांनीं किड्यांचीं व फुलपांखरांचीं सुंदर चित्रें काढिलीं.

स्वदेशीं परत आल्यावर १८४८ सालीं त्यांनीं एमिली बोझ ह्यांच्याशीं लग्न केलें. ही बाई सुवार्तेच्या पत्रिका लिहीत असे. १८५४ सालीं गॉस ह्यांनीं कांचेच्या टाकींत समुद्रजीव कसे पाळावे ह्याविषयीं पुस्तक लिहिलें. त्यांतील रंगीत शिळाछाप चित्रें लोकांस फार आवडलीं.

१८५७ हें वर्ष मात्र त्यांस अति कठीण गेलें. फेब्रुवारींत एमिलीबाई कर्करोगानें वारल्या. आठ वर्षांचाही न झालेला मुलगा मागें राहिला. त्याच वर्षीं भूस्तरविद्या व उत्पत्तीचें पुस्तक ह्यांचा मेळ घालण्यासाठीं त्यांनीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. पृथ्वी निर्माण होतांनाच तिजवर प्राचीनतेच्या खुणा होत्या, असा त्यांचा वाद होता. तो विद्वानांनीं नाकारला, आणि ख्रिस्ती मित्रांसही पटला नाहीं.

अशा दुःखांत ते डेव्हन प्रांताच्या किनाऱ्यावर राहावयास गेले. ओहोटीच्या वेळीं कमरभर पाण्यांत उभे राहून ते खडकांतील जीव शोधीत. फुलासारखे दिसणारे जे प्राणी, ज्यांस समुद्रपुष्पें म्हणतात, त्यांचीं जिवंतपणींचीं रंगीत चित्रें असलेला त्यांचा ग्रंथ १८६० सालीं पूर्ण झाला.

हे मऊ प्राणी मद्यार्कांत ठेविले असतां त्यांचा रंग व आकार नाहींसा होतो. म्हणून जर्मनीतील ड्रेस्डेन शहराच्या संग्रहालयासाठीं लिओपोल्ड ब्लाश्का नामक कारागिरानें १८६३ सालीं गॉस ह्यांचीं चित्रें पुढें ठेवून कांचेचीं समुद्रपुष्पें घडविलीं. पुढें त्यानें व त्याच्या मुलानें अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठासाठीं कांचेचीं फुलें केलीं, तीं आजही लोक पाहावयास जातात.

एक खेदाची गोष्ट आम्ही लपवीत नाहीं. गॉस ह्यांचीं पुस्तकें वाचून हौशी लोकांच्या झुंडी किनाऱ्यावर लोटल्या व त्यांनीं खडक ओरबाडून ओसाड केले. ह्याचें त्यांस फार दुःख झालें, असें त्यांच्या मुलानें १९०७ सालीं लिहिलें. १८८८ सालीं ते प्रभूंत निजले.

त्यांचा वाद टिकला नाहीं. पण जें डोळ्यांनीं पाहिलें तें खरेपणानें काढिलें, तें टिकलें. प्रिय उपदेशक बंधूंनो, आपल्या मुलांस शेताच्या बांधावर नेऊन एखादें फूल किंवा किडा नीट पाहावयास शिकवा. आणि पाहून झाल्यावर तो जेथला तेथेंच राहूं द्यावयासही शिकवा.