डिझेल नावाचा माणूस

थर्मोच्या पेपरात डिझेल सायकलचा आलेख आपण रट्टा मारून काढतो आणि मार्क्स खिशात टाकतो. त्या नावाच्या माणसाची गोष्ट मात्र सिलॅबसमध्ये नाही.

रुडॉल्फ डिझेल १८५८ साली पॅरिसमध्ये जन्मला. आईवडील जर्मन. १८७० च्या युद्धात कुटुंबाला पॅरिस सोडावं लागलं आणि बारा वर्षांच्या रुडॉल्फची रवानगी ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे झाली. पुढे म्युनिकला त्याला शिकवायला होते रेफ्रिजरेशनवाले कार्ल फॉन लिंड! वाफेचं इंजिन कोळशातली बहुतेक उष्णता वाया घालवतं, हे तिथे कळलं आणि ते त्याच्या डोक्यातून कधी गेलंच नाही.

ऑटोच्या इंजिनात हवा आणि इंधन एकत्र दाबतात. फार दाबलं तर मिश्रण वेळेआधीच पेटतं. डिझेल म्हणाला, नुसती हवाच दाबू. सायकलला हवा भरताना पंप कसा तापतो, तसंच. हवा इतकी तापवायची की इंधन आत सोडताच आपोआप पेटलं पाहिजे, ठिणगी नकोच. शिवाय कार्नोप्रमाणे जळताना तापमान वाढू नये असाही हट्ट होता. त्यासाठी लागणारा २५० अॅटमॉस्फिअर दाब त्या काळच्या यंत्रांना झेपणारा नव्हता. शेवटी दाब बराच उतरवला आणि तापमानाऐवजी दाब स्थिर ठेवून जाळायचं ठरलं. आपण पेपरात काढतो ती आडवी रेघ हीच. मला तर हा हट्ट सोडणंच त्याचं सगळ्यात मोठं काम वाटतं, पण विरोधकांनी नेमकं तेच धरलं: हे इंजिन पेटंटमधलं नाहीच म्हणे!

१८९३ च्या पहिल्या चाचणीत दाब मोजायचा इंडिकेटरच फुटला, डिझेल थोडक्यात वाचला. पण इंधन पेटलं होतं! मग इंधनाचा बारीक फवारा दाबाच्या हवेने आत मारायचं जमवण्यात वर्षं गेली. फेब्रुवारी १८९७ मध्ये प्रोफेसर श्रोटर यांनी इंजिन तपासलं. एफिशियन्सी निघाली २६.२ टक्के.

पैसा धो धो आला. तो कोर्टकचेऱ्या आणि जमिनीच्या फसलेल्या सौद्यांत गेला, तब्येतही ढासळली. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवर तो जेवला, केबिनकडे गेला आणि सकाळी बिछाना तसाच होता. आत्महत्या, अपघात की घातपात, वाद अजून चालू आहे. काही दिवसांनी खलाशांना समुद्रात एक प्रेत दिसलं. खिशातल्या वस्तू काढून घेऊन त्यांनी ते परत पाण्यात सोडलं. त्या वस्तू वडिलांच्या आहेत, हे मुलाने ओळखलं.