कॅमिलो गॉल्गी : कोरोनाचा काटा पेशीत जिथून पुढे जातो, ती जागा शोधणारा माणूस

कोरोनाच्या विषाणूवरचे काटे, म्हणजे स्पाइक प्रोटीन, आता सगळ्यांना माहीत आहे. पण ते तयार होतं आपल्याच पेशीत. पेशीतल्या आंतर्द्रव्यजालिकेवर ते बनतं आणि पुढे गॉल्गी संकुलाकडे जातं. नववीच्या विज्ञानात वाचलेलं हे नाव एका इटालियन डॉक्टरचं आहे.

कॅमिलो गॉल्गींचा जन्म 7 जुलै 1843 चा, उत्तर इटलीतल्या कोर्तेनो गावातला. वडीलही डॉक्टर. 1865 मध्ये पाविया विद्यापीठातून कॅमिलो डॉक्टर झाले. संशोधनाची ओढ होती, पण पोटापाण्यासाठी 1872 मध्ये त्यांनी अब्बियातेग्रासो इथल्या असाध्य रोग्यांच्या रुग्णालयात नोकरी धरली. तिथं ना प्रयोगशाळा, ना सोयी. मग त्यांनी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातच सूक्ष्मदर्शक मांडला.

तिथंच 1873 मध्ये त्यांना एक पद्धत सापडली. मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये आणि मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवला, की मोजक्याच चेतापेशी काळ्याभोर होतात आणि फांद्यांसकट दिसतात.

1898 मध्ये याच पद्धतीत बदल करून ते गव्हाणी घुबडाच्या मेंदूतल्या पेशी तपासत होते. पेशीच्या आत त्यांना एक बारीक जाळं दिसलं. हेच ते गॉल्गी संकुल.

पण अनेकांना ते पटेना. हे जाळं खरं नाही, रसायनांमुळे उमटलेला डाग आहे, असं म्हटलं गेलं. वाद जवळपास 50 वर्षं चालला.

गॉल्गी स्वतःही एका बाबतीत चुकले होते. मेंदूतल्या चेतापेशी एकमेकींना जोडून एकसंध जाळं बनवतात, असं त्यांचं मत होतं. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी गॉल्गींचीच पद्धत वापरून प्रत्येक पेशी सुटी असल्याचं दाखवलं. 1906 चं नोबेल दोघांना विभागून मिळालं, तरी गॉल्गींनी नोबेलच्या भाषणातही आपला हेका सोडला नाही.

21 जानेवारी 1926 ला पावियात त्यांचं निधन झालं. पुढे 1950 च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली चपट्या पिशव्यांची ती चळत स्पष्ट दिसली आणि वाद मिटला.

आपल्या पेशीत तयार झालेल्या प्रथिनांवर साखरेचे रेणू चढवायचे आणि ती योग्य ठिकाणी पाठवायची, हे या संकुलाचं काम. कोरोना हीच व्यवस्था वापरतो. आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्गी यांच्या मधल्या भागात नवे विषाणू जुळवले जातात. गॉल्गीतून जाताना स्पाइकवरच्या साखरेत बदल होतात आणि कोविड-19 च्या विषाणूत फ्युरिन नावाचं आपलंच विकर त्याला ठरावीक जागी कापतं. हा काप पुढच्या पेशीत शिरताना विषाणूच्या कामी येतो.

काही स्पाइक पेशीच्या पृष्ठभागावर पोहोचतं आणि शेजारच्या पेशींना एकत्र चिकटवतं. दुसरीकडे एनएसपी-1 हे विषाणूचं प्रथिन पेशीच्या स्वतःच्या प्रथिनांचं उत्पादन दाबून टाकतं. त्यामुळे पेशीचा प्रतिकार दुबळा पडतो.

ज्या जाळ्याला लोक डाग समजले, तिथं विषाणू काय करतो हे आज शास्त्रज्ञ बारकाईने तपासत आहेत. गॉल्गींच्या जन्मगावाचं नावही आता कोर्तेनो गॉल्गी आहे.