ट्रकचे स्टेअरिंग हलके करणारा डेव्हिस

मोटारीच्या इतिहासातील बेन्झ, डीझेल, फोर्ड ही नावे शाळेपासून आपल्या कानांवर पडलेली असतात. फ्रान्सिस डेव्हिस हे नाव मोटार-इंजिनियरिंगच्या पुस्तकांत मानाने घेतले जाते, पण कलाशाखेच्या बाकांपर्यंत ते सहसा पोहोचत नाही. पॉवर स्टेअरिंगचा जनक म्हणून हा माणूस ओळखला जातो. त्याचे चरित्र त्याच्या शोधामुळे जितके वाचनीय आहे, तितकेच त्या शोधाला तिष्ठत बसावे लागले त्यामुळेही.

डेव्हिसचा जन्म १८८७ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे झाला. हार्वर्ड विद्यापीठात शिकल्यावर तो बफेलो शहरातील पिअर्स-ॲरो कंपनीत नोकरीस लागला. श्रीमंतांच्या उंची मोटारींसाठी ही कंपनी प्रसिद्ध होती. परंतु ती पाच टनी ट्रकही बनवीत असे आणि पहिल्या महायुद्धात तिचे ट्रक ब्रिटन व फ्रान्सच्या सैन्यांनी वापरले. डेव्हिस पुढे याच ट्रक विभागाचा मुख्य इंजिनियर झाला. ट्रकचा बोजा वाढत होता, पण पुढची चाके वळवायची ती ड्रायव्हरच्या दंडांच्या जोरावरच. चाक मोठे करा, दातेरी चाकांची योजना बदला, म्हणजे जोर कमी लागतो. मात्र तेच वळण घेण्यासाठी हात कितीतरी जास्त फिरवावा लागतो. एका हाताने दिले ते दुसऱ्या हाताने काढून घेतले, असाच तो हिशेब होता.

हा हिशेब मला घरातच पाहायला मिळाला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. माझ्या वडिलांनी उमेदीची वर्षे जुन्या ट्रकवर काढली. उभ्या गाडीचे चाक फिरवू नये, गाडी जराशी सरकती ठेवूनच वळवावी. आणि अंगठा चाकाच्या आत कधीही अडकवू नये, कारण पुढचा टायर खड्ड्यात आपटला की स्टेअरिंग उलट झटका देते, असे ते क्लीनर पोराला बजावीत. त्यांचा उजवा खांदा आजही रात्री ठणकतो. डेव्हिसबद्दल वाचताना तो खांदा माझ्या डोळ्यांपुढे होता, हे कबूल केले पाहिजे.

यंत्राची मदत घेण्याची कल्पना डेव्हिसच्या आधीही होती. १९०३ च्या एका कोलंबिया ट्रकला स्टेअरिंगसाठी वेगळी विजेची मोटार होती. पण रोजच्या वापरात टिकेल असे काही निघाले नव्हते. डेव्हिसने चांगली नोकरी सोडली आणि घड्याळांच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध असलेल्या वॉल्थम गावात एक लहानसे वर्कशॉप भाड्याने घेतले. सोबतीला जॉर्ज जेसप नावाचा कुशल टूलमेकर. इंजिनियरांच्या चरित्रात कारागिराचे नाव बहुधा गळते; इथे ते टिकले, हे बरे झाले.

तेलाच्या दाबाने काम करून घ्यायचे तर दाबाखालचे तेल साठवून ठेवायचे आणि हवे तेव्हा झडप उघडायची, हा सरळ मार्ग. पण सतत दाबाखाली असलेले तेल प्रत्येक सांध्यातून गळू पाहते. डेव्हिसने हा विचारच उलटा केला. त्याने झडप उघडी ठेवली. इंजिनवर चालणारा पंप तेल ढकलतो, ते झडपेतून जाऊन पुन्हा टाकीत येते. गाडी सरळ जात असताना तेल नुसते फिरत राहते, त्यावर दाब जवळजवळ नसतोच. ड्रायव्हरने चाक किंचित फिरवले की झडप केसभर सरकते, तेलाची परतीची वाट अरुंद होते आणि दट्ट्याच्या एका बाजूला दाब चढतो. तो दट्ट्या पुढची चाके वळवतो. हात थांबला की दट्ट्याच्याच हालचालीने झडप पुन्हा मध्यावर येते आणि दाब उतरतो. म्हणजे माणसाने फक्त दिशा सांगायची, जोर इंजिनने लावायचा! टायर फुटून चाके आपण होऊन वळू लागली तर हेच तेल त्यांना उलट बाजूने अडवते. शिवाय स्टेअरिंग आणि चाके यांना जोडणारे लोखंड कायम राहतेच. पंप बंद पडला तर गाडी जड होते, पण हातातून जात नाही. जुन्या अवजड ट्रकांत हा दट्ट्या कधी स्टेअरिंगच्या पेटीत असे, तर कधी बाहेर वेगळ्या सिलिंडरात.

हे यंत्र बसवलेली पिअर्स-ॲरो गाडी घेऊन डेव्हिस १९२६ साली डेट्रॉइटला गेला. जनरल मोटर्सने त्याच्याशी करार केला आणि तो तेथे यंत्र सुधारीत राहिला. कॅडिलॅक मोटारीत ते बसवण्याचे ठरलेही होते. एवढ्यात १९२९ ची महामंदी आली. उंची गाड्या खपेनात. थोड्याशा गाड्यांसाठी साचे व हत्यारे बनवणे परवडत नाही, असा हिशेब कंपनीने मांडला आणि बेत बारगळला. ड्रायव्हरचे खांदे त्या हिशेबात कोठे धरले होते, कोण जाणे!

१९३६ साली डेव्हिस बेंडिक्स या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीकडे गेला. मागणी आली ती दुसऱ्या महायुद्धामुळे. ब्रिटिश व अमेरिकन सैन्यांच्या चिलखती गाड्या माणसाच्या हाताला आवरेनात, तेव्हा हे यंत्र हजारो लष्करी वाहनांत बसले. शांततेत जे महाग वाटत होते, ते युद्धात कोणालाच महाग वाटले नाही.

१९५१ साली क्रायस्लर कंपनीने आपल्या इंपीरियल मोटारीत पॉवर स्टेअरिंग देऊ केले. ते डेव्हिसच्याच काही पेटंटांवर आधारलेले होते. पण अमेरिकेतील पेटंटची सतरा वर्षांची मुदत उलटून गेल्याने त्या पेटंटांसाठी त्याला काही देणे लागत नव्हते. दुसऱ्या वर्षी कॅडिलॅकही आली, तीही त्याच्याच जुन्या कामाच्या आधारावर. प्रात्यक्षिकापासून दुकानापर्यंत पंचवीस वर्षे गेली होती. डेव्हिसचे तेव्हा वय चौसष्ट.

पुढे ही सोय झपाट्याने पसरली. आपल्याकडील ट्रकांत ती यायला मात्र आणखी कितीतरी वर्षे लागली. डेव्हिस १९७८ साली वारला. हल्ली लहान मोटारींत तेलाऐवजी विजेची मोटार हे काम करते. अवजड ट्रकांत मात्र अजूनही बहुधा इंजिनवरचा पंप तेल फिरवतो.