फादर थॉमस स्टीफन्स आणि त्यांचे आई-वडील

‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव मराठी ख्रिस्ती समाजाला नवे नाही. चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रज धर्मगुरूने आपल्या भाषेत ओवीबद्ध महाकाव्य रचले, याचा आपणांस सार्थ अभिमान वाटतो. परंतु हा पुत्र ज्या घरातून निघून आपल्याकडे आला, त्या घराची आठवण आपण क्वचितच काढतो. मिशनकार्यासाठी अपत्य दूर पाठविणाऱ्या आई-वडिलांच्या दृष्टीने हे चरित्र पाहिले असता त्यागाचा एक वेगळाच अर्थ उमगतो.

थॉमस यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात बुशटन येथे झाला. त्यांच्या वडिलांचेही नाव थॉमसच होते. ते लंडनमधील व्यापारी होते. मुलाचे शिक्षण विंचेस्टर येथील नामांकित शाळेत झाले. सुस्थितीतील घर, चांगले शिक्षण आणि पित्याचा व्यापार पाठीशी असल्यामुळे या तरुणापुढे ऐहिक उत्कर्षाचा मार्ग मोकळा होता.

तथापि तो काळ कॅथलिक श्रद्धावंतांसाठी अत्यंत कठीण होता. १५५८ साली राणी पहिली एलिझाबेथ गादीवर आल्यानंतर इंग्लंडमध्ये मिस्साबलिदानावर बंदी आली. थॉमस पाऊंड नावाच्या एका श्रद्धाळू गृहस्थाशी स्टीफन्स यांची मैत्री जडली. दोघांनी मिळून रोमला जाण्याचे व येशूसंघात प्रवेश करण्याचे ठरविले. पण पाऊंड यांना अटक झाली आणि पुढील सुमारे तीस वर्षे त्यांना तुरुंगवास भोगावा लागला. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. तेथून त्यांची पूर्वेकडील मिशनसाठी निवड झाली.

भारताकडे जाण्यासाठी ते इटलीहून पोर्तुगालला निघाले, तेव्हा त्यांनी घरी पत्र पाठविले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच जहाजांचा तांडा गोव्यासाठी निघाला आणि २४ ऑक्टोबर रोजी ते गोव्यास उतरले. त्यानंतर अवघ्या सतरा दिवसांनी, १० नोव्हेंबर १५७९ रोजी, त्यांनी वडिलांस सविस्तर पत्र लिहिले. ते पत्र सुदैवाने आज उपलब्ध आहे. एका इंग्रज माणसाने भारतातून मायदेशी लिहिलेले, आजवर टिकून राहिलेले ते पहिले पत्र मानले जाते.

पत्राच्या आरंभी पुत्र वडिलांकडे दररोजच्या आशीर्वादाची याचना करतो आणि आईलाही आदरपूर्वक नमस्कार कळवितो. आपण घर का सोडले हे यापूर्वीच कळविले असल्यामुळे तो फार काही लिहीत नाही. त्यामागचे कारण तो आज्ञापालन या एकाच शब्दात सांगतो. व्रतस्थ जीवन स्वीकारणाऱ्याला तो शब्द पुरेसा असतो. मात्र घरी बसलेल्या आई-वडिलांना तेवढ्यावर समाधान मानणे किती अवघड गेले असेल, याची कल्पना ज्यांची मुले दूर आहेत त्यांनाच येईल.

पुढे प्रवासाचे वर्णन येते. लिस्बन बंदरातील तुतारी व तोफांचा निरोप, मदेराजवळ एका इंग्रज जहाजाने केलेला गोळीबार, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला घातलेला वळसा, असे सर्व तो सांगतो. त्याच ओघात तो प्रवाशांच्या आजाराविषयीही लिहितो. ताज्या अन्नपाण्याच्या अभावी हिरड्या सुजत, पाय सुजत, हातपाय हलविणेही अशक्य होई. जहाजावर दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि त्यांपैकी सत्तावीस दगावली. आपली प्रकृती मात्र परमेश्वराच्या कृपेने सर्व वाटभर उत्तम राहिली, असे तो लगेच कळवितो. सागरी व्यापाराचे महत्त्व जाणणाऱ्या वडिलांना वारे, मार्ग आणि जहाजे यांची माहिती रंजक वाटली असेल. परंतु त्या पत्रातील सर्वांत मौल्यवान ओळ कोणती, हे कोणत्याही आईला विचारण्याची गरज नाही.

गोव्याहून पोर्तुगालला जाणारी जहाजे वाऱ्यांच्या हंगामानुसारच निघत. त्यामुळे पत्र पाठवून उत्तर मिळेपर्यंत दीड-दोन वर्षे सहज जात. मधल्या काळात मुलगा जिवंत आहे की नाही, हेही घरच्यांना कळण्याचा मार्ग नसे. गोव्यात स्टीफन्स यांना गुरुदीक्षा मिळाली. आपल्याकडे मुलाच्या पहिल्या मिस्साबलिदानाला सारे आप्तेष्ट जमतात. लंडनच्या त्या आई-वडिलांच्या वाट्याला हा आनंद आला नाही.

पुत्र माघारी येण्याची आशाही क्षीण होत गेली. १५८१ साली एडमंड कॅम्पियन या येशूसंघीय धर्मगुरूला लंडनमध्ये देहदंड देण्यात आला. १५८५ च्या कायद्याने तर येशूसंघीय धर्मगुरूने इंग्लंडमध्ये पाऊल ठेवणे हाच राजद्रोह ठरविला. येथे गोव्यातही जीवन निर्धोक नव्हते. जुलै १५८३ मध्ये सासष्टीतील कुंकळ्ळी येथे, देवळे पाडली गेल्यामुळे संतापलेल्या ग्रामस्थांनी फादर रुडॉल्फ आक्वाविवा व त्यांच्या चार येशूसंघीय सोबत्यांना ठार केले. फादर रुडॉल्फ हे इटलीतील आत्रीच्या ड्यूकचे पुत्र होते. स्टीफन्स यांनी ही वार्ता त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅरिस येथे असलेल्या आपल्या भावाला, रिचर्ड यांना, पत्राने कळविली. त्याच पत्रात त्यांनी या देशातील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती असल्याचे नमूद केले आहे. ज्या भूमीत सोबत्यांचे रक्त सांडले, तिची भाषा ते तेव्हा आस्थेने शिकत होते.

त्याच वर्षाच्या अखेरीस राल्फ फिच व जॉन न्यूबेरी हे इंग्रज व्यापारी हेर असल्याच्या संशयावरून गोव्यात कैदेत पडले. धर्मपंथ वेगळा असूनही स्टीफन्स यांनी त्यांच्या सुटकेसाठी खटपट केली व त्यांना जामीन मिळवून दिला. लंडनच्या व्यापाऱ्याच्या या मुलाला पित्याच्या नगरीतील माणसे परकी वाटली नाहीत.

सुमारे चाळीस वर्षे फादर स्टीफन्स यांनी गोव्यात, प्रामुख्याने सासष्टीत, सेवा केली. त्यांनी कोकणीचे व्याकरण रचले. ते त्यांच्या निधनानंतर १६४० साली राशोल येथे छापले गेले. त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथेच रोमन लिपीत प्रसिद्ध झाले. नवख्रिस्ती लोकांना ख्रिस्ताची कथा स्वतःच्या भाषेत ऐकता यावी, ही त्यामागील तळमळ होती. १६१९ साली गोव्यातच त्यांचे देहावसान झाले. मायभूमीचे दर्शन त्यांना पुन्हा घडले नाही.

त्यांचे वडिलांस लिहिलेले पत्र मात्र १५८९ साली रिचर्ड हॅक्लूट यांच्या सागरप्रवासांच्या प्रसिद्ध संग्रहात छापले गेले. ज्या देशात हा पुत्र धर्मगुरू म्हणून पाऊल ठेवू शकत नव्हता, त्याच देशात त्याचे घरगुती पत्र सर्वांनी वाचले. वाचकांना त्यात सागरी मार्गाची माहिती मिळाली. आई-वडिलांसाठी ती लेकराची खुशाली होती.

बारा वर्षांचा येशू जेरुसलेमच्या मंदिरात सापडेपर्यंत पवित्र मरिया व संत योसेफ तीन दिवस व्याकूळ झाले होते. भेट झाल्यावर येशूने दिलेले उत्तर त्यांना त्या वेळी उमगले नाही, असे शुभवर्तमान सांगते. मरियेने ते सारे अंतःकरणात जपून ठेवले. देवाच्या कार्यासाठी अपत्य देणाऱ्या प्रत्येक घराची हीच अवस्था असते. न उमगलेले सहन करणे हीसुद्धा श्रद्धाच होय.

आज शिरपूरमध्ये किंवा सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर सेवा करणाऱ्या धर्मगुरू व धर्मभगिनींचे आई-वडीलही बहुधा दूर कोठेतरी असतात. आपल्या खानदेशातील एखाद्या घरातील मुलगा वा मुलगीही अशीच परप्रांती जाते. दूरध्वनीमुळे खुशाली आता क्षणात कळते, हे खरे. तरीही सणाच्या दिवशी पंगतीतील एक जागा रिकामी राहते, आईच्या आजारपणात उशाशी बसणारा हात दूर असतो आणि वृद्ध पित्याच्या अंत्यविधीला वेळेवर पोहोचणे नेहमीच जमते असे नाही.

दरवर्षी ऑक्टोबरच्या उपान्त्य रविवारी आपण मिशन रविवार पाळतो आणि मिशनऱ्यांसाठी प्रार्थना व दान करतो. त्या दिवशी त्यांच्या आई-वडिलांचेही स्मरण करू या. आपल्या धर्मग्रामात असे एखादे कुटुंब असेल, तर मिस्सानंतर त्यांची विचारपूस करू या. आपल्या फादरांचे व सिस्टरांचे आई-वडील भेटीस आले, तर त्यांना आपल्या घरी जेवावयास बोलावू या. ज्या ‘ख्रिस्तपुराणा’चा आपण अभिमान बाळगतो, त्याचे मोल लंडनमधील एका आईने व वडिलांनीही चुकविले आहे. परमेश्वर अशा सर्व माता-पित्यांना त्यांच्या दानाचे शतपट फळ देवो.